महागडा डॅक घेताय? आधी डोळे झाकून ऐका

घरात नवा ॲम्प किंवा चांगले स्पीकर आले की थोड्याच दिवसांत कुणीतरी सुचवतंच, 'बाकी सगळं झकास आहे, पण एक चांगला डॅक घ्या. मग बघा!' दुकानदार सांगतो, मेहुणा सांगतो, मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात. किंमत विचारली तर दोन हजारांपासून लाखाच्या वर काहीही. पैसे तुमच्या खिशातून जाणार आहेत, म्हणून चार गोष्टी आधी समजून घ्या.

गाण्याच्या फाइलमध्ये नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा विजेचा चढउतार करून देतो तो डॅक. पुढे ॲम्प तो चढउतार मोठा करतो आणि स्पीकर वाजतो. सीडीत हे आकडे सेकंदाला ४४,१०० असतात, तेही डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे. सीडी बाजारात आली १९८२ साली. तेव्हापासून हे काम इतकं स्वस्त झालंय की तुमच्या टीव्हीत, लॅपटॉपमध्ये डॅक आधीच बसलेला आहे.

म्हणून आधी बघा, वेगळा डॅक तुम्हाला लागतोय का.

तुम्ही ब्लूटूथ हेडफोनवर ऐकता? मग विषयच संपला. आकड्यांचं काम त्या हेडफोनच्या आतच होतं. मोबाइलला बाहेरून कितीही भारी डॅक जोडा, त्याला काही कामच उरत नाही.

मोबाइलला हेडफोनचा जॅक नाही, लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर येते, किंवा टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट आहे आणि तुमचा जुना ॲम्प लाल-पांढऱ्या पिनांचा आहे, तर जरूर घ्या. साधा घ्या, चालतो. टीव्हीला जोडल्यावर आवाजच आला नाही, तर लगेच परत करायला धावू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. बहुतेक वेळा तिथेच घोडं अडलेलं असतं.

आता ज्यांच्याकडे बरा डॅक आहे आणि त्याहून भारी घ्यायचा मोह होतोय, त्यांच्यासाठी. दुकानात ऐकून ठरवू नका.

त्याचं कारण साधं आहे. जो डॅक जरासा मोठ्याने वाजतो, तो आपल्याला जास्त स्वच्छ आणि जास्त गोड वाटतो. फरक इतका बारीक असतो की 'हा मोठा वाजतोय' हे लक्षातही येत नाही. टेबलावर ठेवायचे बरेचसे डॅक २ व्होल्टच्या आसपास देतात. मोबाइलला लावायचे छोटे वायरवाले डॅक पुष्कळदा त्याच्या निम्मेच. दोन्ही एकाच ॲम्पला आळीपाळीने लावले, तर पहिलाच सरस ठरणार. त्यात त्याचं कौतुक काही नाही, त्याचा जोर जास्त आहे इतकंच.

म्हणून घरी ऐका. आणि आधी आवाज सारखा करून घ्या. हा भाग कंटाळवाणा आहे, पण हाच गाळला तर बाकी सगळी मेहनत फुकट.

दोन्ही डॅक ॲम्पच्या दोन वेगवेगळ्या इनपुटला लावा. एकच सलग 'टूं' वाजणारी फाइल लावा. ॲम्पचा आवाज नेहमीइतका ठेवा आणि नंतर त्या बटणाला हात लावू नका. एक साधा मल्टिमीटर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो सहज मिळतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या वायरीच्या दोन टोकांवर मोजा. मीटरच्या सळया एकमेकींना टेकू देऊ नका, ॲम्प खराब होऊ शकतो. एका डॅकला १.०० व्होल्ट आले, तर दुसऱ्याला ०.९९ ते १.०१ च्या आत यायला हवेत. जो जास्त देतो त्याचा आवाज गाणी वाजवणाऱ्या ॲपमधून कमी करा. मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर विसंबू नका, इतका बारीक फरक त्यांना पकडता येत नाही.

मग गाणं निवडा. ज्यातली जागा न जागा तुम्हाला पाठ आहे असं. ख्यालाच्या सुरुवातीचा नुसता तानपुरा वाजतो तो तुकडा फार उपयोगी, कारण तो एकसारखा चालतो. पंधरा-वीस सेकंदच ऐका. आवाजाची बारीक आठवण फार टिकत नाही, म्हणून सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा ऐकून काही कळत नाही. (आणि जुन्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगमधली टेपची सुरसुर कुठल्याही डॅकने जात नाही. ती मुळातच आहे.)

आता घरातल्या कुणाला तरी ॲम्पपाशी बसवा. तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसा. त्यांनी नाणं उडवायचं, छापा आला तर पहिला डॅक, काटा आला तर दुसरा. कोणता लावला ते कागदावर लिहायचं आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तुम्ही तुमचं उत्तर वेगळ्या कागदावर लिहा. असं दहा वेळा करा.

नऊ किंवा दहा बरोबर आले, तर फरक तुमच्या कानांना खरंच कळतोय असं धरा. नुसत्या अंदाजाने एवढे बरोबर यायची शक्यता शंभरात एक. सात आले तर हुरळून जाऊ नका. अंदाजाने सात किंवा जास्त बरोबर येणं सहापैकी एकदा होतंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

ओळखता आलं नाही, तर कानांना दोष देऊ नका. बॉस्टनच्या मेयर आणि मोरन यांनी २००७ साली अशाच पद्धतीची, पण डॅकची नव्हे तर रेकॉर्डिंगच्या दर्जाची परीक्षा छापली. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट, एकदा सीडीच्या दर्जात उतरवून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं २७६. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा अनेक परीक्षा एकत्र तपासल्या, तेव्हा बरोबर उत्तरं सुमारे ५२ टक्के निघाली. फरक अगदीच नाही असं नव्हे, पण त्यासाठी घरातले लाखभर रुपये घालवावेत असाही नाही.

काही फरक मात्र खरे असतात. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून 'घूंऽऽ' येतं, चार्जर काढला की जातं. यात डॅकचा दोष नसतोच असं नाही, पण बहुधा चार्जर आणि अर्थिंगची भानगड असते. सगळं एकाच बोर्डवर, नीट अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर लावून बघा. काही डॅक मुद्दाम जुन्या पद्धतीचे, फिल्टरशिवाय बनवतात. त्यांत अगदी वरच्या पट्टीचा आवाज थोडा दबतो. आवडला तर घ्या, पण तो जास्त अचूक आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

पैसे उरले तर स्पीकरकडे बघा, खोलीकडे बघा. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा, समोर उघडी फरशी असेल तर जाड सतरंजी टाका. हा फरक ओळखायला नाणं उडवावं लागत नाही.

आणि तरीही नवा डॅक घेतलाच, तर पैसे देण्याआधी परत घ्यायची मुदत विचारा आणि बिलावर लिहून घ्या. 'वापरलेला माल परत नाही' असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. खोकं, आतला थर्मोकोल आणि वायरी तुमची परीक्षा होईपर्यंत जपून ठेवा.