टोपलीखालचें मांजर

श्राद्धाच्या दिवशीं मांजर टोपलीखालीं झांकून ठेवणाऱ्या घराण्याची गोष्ट आपल्यापैकीं कोणीं ऐकली नसेल? एका गृहस्थाच्या घरीं मांजर दुधांत तोंड घाली, म्हणून त्यानें श्राद्धापुरतें तें टोपलीखालीं कोंडलें. मुलानें तें पाहिलें. नातवाच्या काळीं घरांत मांजरच नव्हतें, तेव्हां शेजाऱ्याचें मागून आणून टोपलीखालीं घालण्यांत आलें! वर्गांत ही गोष्ट मीं कैक वेळां सांगितली, आणि प्रत्येक वेळीं मुलें पोट धरून हंसलीं. परंतु आपण निर्धास्त हंसतों याचें कारण टोपलीखालीं मांजर आहे. तेथें माणूस असतें तर? अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन हिची ‘दि लॉटरी’ ही लघुकथा वाचतांना हाच प्रश्न माझ्या मनांत उभा राहिला.

ही कथा ‘दि न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकाच्या २६ जून १९४८ च्या अंकांत प्रसिद्ध झाली. अमेरिकेंतील सुमारें तीनशें वस्तीच्या एका खेड्यांत २७ जूनच्या प्रसन्न सकाळीं गांवकरी चौकांत जमतात. मुलें गोटे वेंचून त्यांचा ढीग रचीत आहेत. पुरुष पेरणी, पाऊस, ट्रॅक्टर आणि कर यांविषयीं बोलत आहेत. दरवर्षींची सोडत काढावयाची आहे. एका काळ्या पेटींतून कुटुंबागणिक एकेक चिठ्ठी उचलली जाते, आणि काळा ठिपका असलेली चिठ्ठी हचिन्सन कुटुंबाकडे येते. मग त्या घरचीं पांचहि माणसें, अगदीं लहानगा डेव्हसुद्धां, पुन्हां चिठ्ठ्या उचलतात. ठिपका आईच्या, टेसीच्या, हातीं येतो. सोडतींत काय लाभतें हें वाचकाला तेव्हां कळतें. सारा गांव दगड घेऊन तिच्या अंगावर धांवून जातो आणि कथा तेथेंच संपते. हें सर्व कार्य दोन तासांच्या आंत आटोपतें, म्हणजे मंडळींना दुपारच्या जेवणाला घरीं परततां येतें.

पहिल्या वाचनांत मन सुन्न होतें. म्हणून ही कथा दुसऱ्यांदा वाचावी. मग लक्ष त्या पेटीकडे जातें. ती झिजलेली आहे, एका बाजूस फुटलेली आहे. पण नवी करण्याचा विषय दरवर्षीं निघतो आणि दरवर्षीं विरून जातो. उलट पूर्वीं चिठ्ठ्यांच्या जागीं लांकडाचे तुकडे असत. वस्ती वाढल्यावर ते गैरसोयीचे झाले आणि कागद आला. सोडतीच्या आरंभीं कांहीं मंत्रासारखें म्हणत असत, तें आतां कोणाला येत नाहीं. चिठ्ठी उचलण्यास पुढें येणाऱ्यास वंदन करण्याचा एक विधि होता, तोहि गेला. म्हणजे परंपरा बदलतां येत नाहीं हें म्हणणें या गांवापुरतें तरी खोटें आहे. जें जें अडचणीचें वाटलें तें तें त्यांनीं सुखेनैव सोडलें. मंत्र गेला, वंदन गेलें, मूळची पेटीहि गेली. दगड तेवढे राहिले. कारण दगडांची अडचण एकट्या माणसाला होते, आणि तें माणूस पुढील वर्षीं तक्रार करावयास उरत नाहीं.

सत्त्याहत्तराव्या वेळीं सोडतीस उभा राहिलेला म्हातारा वॉर्नर हा या परंपरेचा वकील. दुसऱ्या एका गांवीं ही चाल सोडण्याचें घाटत आहे असें ॲडम्स नांवाचा गृहस्थ सांगतो, तेव्हां वॉर्नर त्या लोकांना वेडे ठरवितो. जूनमध्यें सोडत झाली कीं मका भरघोस येतो, अशा अर्थाची एक म्हण त्याच्यापाशीं आहे. याहून अधिक कारण कथेंत कोठेंहि नाहीं. वॉर्नरवर रागावणें सोपें आहे. मला अधिक भय वाटतें तें ॲडम्सचें. सुधारणेची वार्ता आणणारा हाच गृहस्थ शेवटीं त्या जमावाच्या अग्रभागीं उभा आहे. लेखिकेनें त्यावर एका शब्दाचेंहि भाष्य केलेलें नाहीं. नुसतें त्याचें नांव घेतलें आहे. आपण सुशिक्षित मंडळी सुधारणेच्या वार्ता पुष्कळ सांगतों, म्हणून तें नांव आपण वगळून वाचूं नये.

टेसीविषयींचें माझें मत मात्र आमच्या सूनबाईंनीं बदललें. ही कथा मीं घरीं मंडळींना मराठींत सांगितली, ती ‘बिचारी टेसी’ अशा सुरांत. सूनबाईंनीं नंतर स्वतः पुस्तक वाचलें आणि मला विचारलें, “मामंजी, ही आपल्या लग्न झालेल्या लेकीलाहि चिठ्ठी उचलावयास लावा म्हणते, तें आपण कां नाहीं सांगितलेंत?”

खरोखरच तो भाग मीं गाळला होता. पुन्हां पाहिलें. टेसी सोडतीचा दिवस विसरते, भांडीं आवरून धांवत येते, उशिराबद्दल थट्टा करते. नवऱ्याचें नांव पुकारलें जातें तेव्हां लौकर जा म्हणून तीच त्याला पुढें घालते. अन्यायाचा शब्द तिच्या तोंडीं प्रथम येतो तो ठिपका आपल्या घरीं आल्यावर. आणि मग मुलीला व जांवयाला या सोडतींत ओढण्याचा ती प्रयत्न करते. डोकीं वाढलीं कीं आपला धोका तेवढाच कमी! मुली सासरच्या घरांतून उचलतात या नियमामुळेंच तें टळतें. पुढें नॅन्सी व तिचा भाऊ आपापली कोरी चिठ्ठी पाहून आनंदानें हंसतात. आतां आईबापांपैकीं एकजण जाणार हें ठाऊक असूनहि.

कथेंतील खरा काळोख मला येथें दिसतो. रूढि टिकते ती श्रद्धेनें कमी, आणि ‘या वर्षीं आपण सुटलों’ या समाधानानें अधिक. हा अन्याय आहे, हें टेसीचें म्हणणें अक्षरशः खरें आहे; पण आदल्या वर्षीं ती तें म्हणाली असती तर त्याला मोल होतें.

कथा प्रसिद्ध झाली त्या उन्हाळ्यांत लेखिकेकडे तीनशेंहून अधिक पत्रें आलीं. पुष्कळांत गोंधळ होता, तर्क होते, शिव्याहि होत्या. परंतु कित्येकांनीं विचारलें कीं अशा सोडती कोठें होतात, आणि त्या पाहावयास येतां येईल काय? पुढें एका व्याख्यानांत तिनेंच हें सांगितलें आहे. कथेवर याहून भेदक भाष्य कोणा पंडिताला लिहितां आलें नसतें.

सूनबाईंच्या प्रश्नानें मला मात्र आमच्या जुन्या घराचें माजघर आठवलें. माझ्या आजोबांची धाकटी बहीण सोळाव्या वर्षीं विधवा झाली आणि तिचें केशवपन झालें. माझ्या लहानपणीं तांबड्या आलवणांतील ती वृद्धा माजघराच्या कोपऱ्यांत वाती वळीत बसलेली असे. पुढें आजोबा वारले. न्हाव्याला बोलवा असें त्या वेळीं कोणीं म्हटलें नाहीं. “आतां काळ बदलला,” एवढेंच थोरले काका म्हणाले, आणि विषय संपला. आजीचे केस राहिले, हें योग्यच झालें. परंतु जी चाल एका वाक्यानें सुटली, ती पूर्वींहि एका वाक्यानें सुटली नसती काय? तें वाक्य उच्चारलें गेलें तेव्हां कोपऱ्यांतील आत्याआजीकडे कोणीं वळून पाहिलें नाहीं. दिवस झाल्यावर तिनेंच आजीचे केस विंचरून दिले, तें मीं पाहिलें आहे. त्याचा अर्थ समजावयास मला उभा जन्म लागला.

जुनें तेवढें सर्व चांगलें असें नव्हे, पारखून घ्यावें, हें कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रा’च्या आरंभींच सांगून ठेविलें आहे. कुळाचार मोडावे असें मी म्हणत नाहीं. त्यांतील बहुतेक गोड आहेत आणि आमच्या घरीं ते चालतात. पारखण्याची कसोटी मात्र या कथेनें हातीं दिली आहे. आपण सोयीसाठीं काय सोडलें, काय राखलें, आणि जें राखलें त्याचा भार कोणाच्या माथीं आहे? हा शेवटचा प्रश्न ज्याच्या माथीं भार आहे त्यालाच विचारावा, आणि ठिपका आपल्या घरीं येण्यापूर्वीं विचारावा. टोपली उचलून पाहावयास मुहूर्त लागत नाहीं.