टोल्यांचे घड्याळ

बेरशेबा येथील एका स्नेह्यांनी मुंबईहून आणलेले वडिलोपार्जित भिंतीवरील घड्याळ विकावयास काढले होते. "नऊ वाजता चार टोले देते, यंत्र निकामी आहे," असे सांगून व्यापाऱ्याने किंमत निम्मी केली, तेव्हा आम्हांस पाचारण झाले.

तबकडी उतरविली. यंत्राच्या पितळी पत्र्यावर अमेरिकेतील अ‍ॅन्सोनिया कंपनीचा छाप होता. त्या कंपनीची यंत्रसामग्री १९२९ साली सोव्हिएत रशियास विकली गेली. अर्थात घड्याळ त्यापूर्वीचे. लंबक हलविताच टिकटिक समान अंतराने येऊ लागली. राहिले टोले. अशा घड्याळांत टोले मोजणारे चाक काट्यांशी बांधलेले नसते. टोले पुरे होण्यापूर्वी मोठा काटा पुढे ढकलला की दोहोंची फारकत होते. मोठा काटा बारावर येऊन पाच टोले पडले, तसा आम्ही लहान काटा पाचावर सरकविला. झाली दुरुस्ती!

खरे वैगुण्य पेटीत होते. मुंबईच्या दमट हवेत मुरलेले लाकूड नेगेवच्या कोरड्या हवेत आकसून सांधे उकलले होते. तबकडीही पिवळी पडलेली. ती नव्याने रंगविण्याचा सूनबाईंचा बेत आम्ही मोडला, कारण रंगविलेल्या तबकडीस जाणता ग्राहक कमीच मोल देतो. ही घड्याळे विपुल बनली, त्यामुळे फार मोठी रक्कम येणार नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगितले.

चावी मागितली, तेव्हा ती आजीबाईंच्या पदराच्या गाठीत निघाली. गाठ त्यांनी सोडली नाही.