सहा वर्षांच्या आतील मूल

आमचा कायदा मुलाची दखल घेतो ती सहाव्या वर्षी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेचा हक्क दिला. तीन ते सहा वर्षांच्या मुलाची सोय सरकारने करावी असे कलम ११ सुचविते, पण तेथे सक्ती नाही, मुभा आहे. राज्यघटनेत आईबापांचे जे शिक्षणविषयक कर्तव्य सांगितले आहे, तेही सहाव्या वर्षापासूनच मोजले आहे. मूल मात्र कायद्याची वाट पाहत बसत नाही. त्याचे हात व डोळे जन्मापासून शिकत असतात.

या वर्षांचे आम्ही काय करतो? पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी अंगणवाडी आहे. पण तेथील काही तास सोडले तर उरलेला दिवस घरचाच. त्या दिवसात मूल रडू लागले की त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. ज्यांस ऐपत आहे ते मॉन्टेसरीच्या नावाची पाटी पाहून फी भरतात आणि कर्तव्य संपले असे मानतात. आत तीन वर्षांच्या बालकापुढे वही ठेवली आहे की काय, हे पाहण्यास कोणी जात नाही.

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले ते मजुरांच्या मुलांसाठी. १९३९ साली त्या मद्रासला आल्या व त्यांनी येथील शिक्षकांस ही पद्धती शिकविली. पण तिला आमच्या मातीत रुजविले ते ताराबाई मोडक यांनी. १९४५ साली बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले. महाग लाकडी साधनांच्या जागी शिंपले, खडे, पाने आली. मूल शाळेत येईना, तेव्हा शाळाच त्याच्या अंगणात गेली.

बोर्डीस जे साधले ते पाथरीस का साधू नये? तूर व हरभरा एका ताटात मिसळून वेगळे करू द्यावे. लहानमोठे डबे एकात एक बसविण्यास द्यावेत. चुकीचा डबा बसतच नाही, तेव्हा रागावण्याचे कारण उरत नाही. तांब्यातून पेल्यात पाणी ओतू द्यावे, आणि सांडले तर फडके त्याच्याच हाती द्यावे. ताटात रांगोळी पसरून बोटाने अक्षर गिरवू द्यावे. पेन्सिलीची घाई नको. दाणे नाकातोंडात जाण्याचे भय असते, म्हणून मोठे माणूस जवळ असावे. मात्र त्याने हात बांधून बसावे.

कोणी म्हणतील, हा पोरखेळ. यातून विद्या ती कोणती? आमचे उत्तर असे की, जो व्यापारी नुसत्या चिमटीने धान्याची प्रत ओळखतो, त्याने तरी हा प्रश्न विचारू नये. ते ज्ञान त्याच्या बोटांस कोणत्या पुस्तकाने दिले?

दुसरा आक्षेप वेळेचा. हा भार एकट्या आईवर टाकाल तर आक्षेप खराच आहे. म्हणून आमचे सांगणे बापांस आहे. दुकान बंद करून घरी आल्यावर अर्धा तास मुलाजवळ जमिनीवर बसा, मुलीजवळही तितकाच. आणि त्या अर्ध्या तासात मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू द्या. कायद्याने हे तुमच्यावर बंधनकारक केलेले नाही. म्हणूनच ते करण्यात शहाणपण आहे.