पोरांना वस्ताद हवा

नववी-दहावीतला मुलगा ‘मला टूर्नामेंट खेळायचीय’ म्हणाला, की हिंगोलीतल्या घरात बहुधा दोनच गोष्टी होतात. मोबाइल हिसकावला जातो, नाहीतर ‘खेळ बाबा, पण डोकं खाऊ नको’ म्हणून हातात दिला जातो. दोन्हीकडे मूल एकटेच पडते. मार्च २०१९ मध्ये याच शहरात रेल्वेरुळालगत पबजीत गुंगलेले दोन तरुण गाडीखाली गेले. ते आठवले की आईबापांना धडकी भरणारच. ती भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय मोबाइल लपवणे हा नव्हे.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, क्रीडा खात्याकडे सोपवले. त्याआधी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, प्रात्यक्षिक प्रकारात का होईना, भूजच्या तीर्थ मेहताने कांस्य मिळवले होते. म्हणजे हा खेळ आहे. आणि तालमीतल्या पोराला जसा खुराक, झोप आणि जोड पाहणारा वस्ताद लागतो, तसा इथेही लागतो. आपल्याकडे ते काम आईबापांनाच किंवा थोरल्या ताईला करावे लागेल.

त्यासाठी स्वतःला खेळता यायलाच हवे असे नाही. चौघांच्या स्क्वॉडची एक मॅच रेकॉर्ड करायला सांगा आणि जेवणानंतर शेजारी बसून पाहा. झोन, म्हणजे खेळातला सुरक्षित भाग, आवळत आलाय, तिघे टेकडीआड आहेत आणि आपला पठ्ठ्या एकटाच समोरच्या घरात घुसतो. ‘तिकडं कशाला गेलास?’ एवढेच विचारा. तो जरा गप्प बसेल, मग म्हणेल, ‘पप्पा, किल भेटत होता.’ खरी तयारी इथून सुरू होते. स्पर्धेत किलचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला टिपल्याचे, गुण असतात तसे शेवटपर्यंत तग धरण्याचेही असतात. रोजच्या मॅच ठरवून द्या. बीजीएमआय या पबजीच्या भारतीय आवृत्तीत अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास मिळतात. पोरगा वडिलांच्या नावाच्या खात्यावरून खेळत नाही ना, हे पाहा. मध्यरात्रीच्या सरावात चुकाच पक्क्या होतात.

सर्वांत जपायचे ते पैशाला. ‘रूमची एंट्री इतकी, पर किल इतके’ असे मेसेज ग्रुपवर फिरतात. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. स्पर्धेची नोंदणी फी वेगळी, लावलेला डाव वेगळा. पैसे कुणाच्या नंबरवर चाललेत आणि वयाची अट काय, हे घरच्या मोठ्याने आधी वाचावे, मगच संमती द्यावी.

शाळांनीही अंग काढून घेऊ नये. खो-खोचा संघ घेऊन जाणाऱ्या सरांनी या स्क्वॉडच्या चौघांचीही जबाबदारी घ्यावी. दसऱ्याला रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते, तिथे दिवसाउजेडी, बिनपैशांची शालेय स्पर्धा घ्यायला काय हरकत आहे? आणि खेळणाऱ्यांच्या पाठीमागेच पालकांच्या खुर्च्या मांडाव्यात.