जुगारास अभ्यास म्हणावे काय?

मुलुंड-घाटकोपरकडच्या किंवा अंधेरी-बोरिवलीकडच्या कोणत्याही पांढरपेशा घरात मटक्याचा आकडा लावणारा मुलगा निघाला, तर त्या घरावर अवकळा आल्यासारखे वाटते. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून येणाऱ्या भावांवर पैसा लावण्यापासून मुंबईत ही आकड्यांची विद्या सुरू झाली. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि गिरणगावातील कितीएक पगार घरी पोहोचण्यापूर्वीच त्या मडक्यात गेले. हा इतिहास आपल्या वर्गास पाठ आहे. परंतु त्याच वर्गातील पदवीधर चिरंजीव टेनिसच्या सामन्यापूर्वी दोघा खेळाडूंचे अलीकडील निकाल वहीत मांडून ते सट्टेवाल्यांच्या भावाशी ताडीत बसले, तर मातापितर म्हणतात, "निदान डोके तरी चालवतो आहे!" आमचा आक्षेप या 'निदाना'वर आहे.

अशी एक वही आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हास मोठ्या अभिमानाने दाखविली होती. "सर, हा जुगार नव्हे, हे गणित आहे," असे त्याचे म्हणणे. तेव्हा गणितच पाहू. समजा, एका खेळाडूचा भाव दीड रुपया आहे. म्हणजे रुपया लावून तो जिंकल्यास मुद्दलासह दीड रुपया हाती येतो. प्रतिस्पर्ध्याचा भाव दोन रुपये साठ पैसे आहे. पहिल्या भावाचा अर्थ विजयाचा संभव ६६.७ टक्के, दुसऱ्याचा ३८.५ टक्के. बेरीज १०५ होते. दोघांपैकी एकच जिंकणार असता शंभरावर हे पाच कोठून आले? तीच सट्टेवाल्याची दलाली. सामान्य पैजकऱ्याचे शंभर रुपयांमागे सरासरीने सुमारे पाच रुपये आरंभापासूनच गेलेले असतात. विद्वत्तेचा प्रश्न त्यानंतरचा.

आता ती विद्वत्ता. विद्यार्थ्याचा युक्तिवाद असा की, या खेळाडूने गेल्या दहांपैकी आठ सामने जिंकले, म्हणजे त्याचा संभव ८० टक्के. सट्टेवाला तर ६६.७च धरतो, तस्मात् भाव चुकला, पैसा लावावा. वरवर पाहता हे निर्दोष दिसते. परंतु ज्या खेळाडूची खरी योग्यता तीनांत दोन सामने जिंकण्याचीच आहे, तोदेखील दहांपैकी आठ किंवा अधिक सामने निव्वळ योगायोगाने शंभरांतून सुमारे तीस वेळा जिंकेल, असे संभवगणित सांगते. म्हणजे ज्यास आमचा विद्यार्थी 'ऐन भर' समजत होता, ती पुष्कळदा दैवाची एक लहर असते. शिवाय ते आठ विजय कोणावर मिळविले, मातीवर की कठीण मैदानावर, हे प्रश्न उरतातच.

कोणी म्हणेल, हे सर्व जमेस धरून अभ्यास करावा. ठीक आहे, परंतु सट्टेवाल्याने ते जमेस धरले नाही काय? ज्या निकालांवरून त्याने भाव बांधला, तेच निकाल पाहून त्याच्या भावात चूक काढणे म्हणजे वाण्याच्याच तराजूने वाण्याचे माप तपासणे होय. त्यास खरोखर हरवावयाचे, तर त्यास ठाऊक नसलेले काही ठाऊक असले पाहिजे. आणि असे काही बहुधा वहीत सापडत नसते. ऑगस्ट २००७मध्ये पोलंडमधील सोपोट येथे जगातील चौथ्या क्रमांकाचा आणि तेथील गतविजेता निकोलाय दाविदेन्को हा मार्तीन वासालो अर्ग्वेल्यो या बऱ्याच खालच्या क्रमांकाच्या खेळाडूशी खेळला. पहिला डाव दाविदेन्कोने जिंकला, तरी पैशाचा ओघ प्रतिस्पर्ध्याकडेच वाहत होता. शेवटी पायाच्या दुखापतीमुळे दाविदेन्कोने सामना सोडला. बेटफेअर या पैजेच्या पेढीने सर्व पैजा रद्द केल्या. वर्षभर चौकशी होऊन दोन्ही खेळाडू निर्दोष ठरले. त्यांजवर आम्हास कसलाही आरोप करावयाचा नाही. आमचे अनुमान एवढेच की, त्या दिवशी अलीकडील कामगिरी पाहून पैसा लावणारे मूर्ख ठरले असते आणि भावाच्या मागे जाणाऱ्यांस आपण कशाच्या मागे जातो आहो हे कळले नसते. अशा ठिकाणी अभ्यासू मनुष्य हा केवळ अधिक आत्मविश्वासाने हरणारा मनुष्य असतो.

प्रतिपक्षाचा हुकमाचा पत्ता म्हणजे न्यायालय. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला, हे खरे. मुंबईच्या १८८७च्या जुगारप्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांस सूट आहे. परंतु कौशल्य कशास म्हणावे हे न्यायालयाने सांगितले; त्या कौशल्याने तुमचे घर चालेल, असे न्यायालय कोठेही म्हणत नाही. आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने तर ऑनलाइन पैशाच्या खेळांपुरता कौशल्य व दैव हा भेदच मोडून दोहोंसही बंदी केली. तथापि आम्ही कायद्यावर विसंबत नाही. ज्या घरात या व्यसनास अभ्यासाचा मान मिळतो, तेथे एक वाट बुजली की दुसरी शोधली जाते.

"पैसा आमचा, हानी आमची, तुमचे काय जाते?" हा शेवटचा प्रश्न. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांची पुढे काही महिन्यांनी गाठ पडली, तेव्हा कळले की धाकट्या बहिणीच्या प्रवेशाकरिता बाजूस ठेवलेली रक्कम त्या गणितात गेली. बहिणीने कोणत्याही खेळाडूची कामगिरी तपासली नव्हती. आणि हानी घरापुरतीही राहत नाही. २०२४ साली टेनिसपटूंना आलेल्या अपमानकारक संदेशांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत सुमारे ४० टक्के संदेश पैज हरल्याने चिडलेल्या लोकांचे निघाले.

फेब्रुवारी २०२५मध्ये चर्चगेटनजीक क्रिकेट क्लबच्या मैदानावर मुंबई ओपन स्पर्धा झाली. कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन् पात्रता फेरीतून येऊन उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि पुढे विजेती ठरलेल्या यिल टाइशमानकडून हरली. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून गाडीने तासाभरात तेथे पोहोचता येते. तो खेळ ज्यांनी पाहिला, त्यांनी एका मुलीचे धैर्य पाहिले; ज्यांच्या खिशात पैज होती, त्यांच्या दृष्टीस तिच्या प्रत्येक चुकीबरोबर रुपये तेवढे पडले असतील.

तेव्हा मातापितरांस आमची विनंती इतकीच. मुलाच्या हाती अशी वही दिसली, तर तीत किती आकडे आहेत हे पाहून संतुष्ट होऊ नये. तिचे शेवटचे पान उघडून जमाखर्च पाहावा, आणि तो मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा. ज्यास त्या पानाचे गणित येते, त्यास पुढचा भाव विचारण्याची इच्छा राहणार नाही.