थंडीच्या सकाळी सौरपंपाचा हिशेब



दिवाळी झाली. गव्हा-हरभऱ्याच्या पेरण्या उरकत आल्या. आता पहाटे अंगावर घोंगडी घेतल्याशिवाय मळ्यात जाववणार नाही. अशा थंडीत गुरांना आडोसा करावा, कोंबड्यांच्या घराला पडदे लावावेत, हे आपणांस सांगायला नको. पण या दिवसांत आणखी एका गोष्टीला जपावे लागते, ती म्हणजे आपला सौरपंप.

गेल्या पौषातली गोष्ट. निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर मी सकाळी पोहोचलो, तर एक आबा बांधावर डोक्याला हात लावून बसलेले. म्हणाले, "साहेब, काल संध्याकाळपर्यंत पंप ठणठणीत होता. आज ऊन पडलं तरी चालूच होईना. पेटीतून जळका वास येतोय." वावरात उन्हाळी कांद्याची रोपे लावून चारच दिवस झालेले. रोप अजून मातीला धरलेले नव्हते.

त्यांचा पंप ५ अश्वशक्तीचा. त्यावर १५ प्लेटा होत्या. पाणी जरा जास्त यावे म्हणून आबांनी तशाच आणखी २ प्लेटा आणल्या आणि गावातल्या वायरमनकडून त्याच रांगेत जोडून घेतल्या. आबा अडाणी नव्हेत. त्यांनी पाटी वाचून हिशेब केला होता. एका प्लेटीचे ४६ व्होल्ट, १७ प्लेटांचे ७८२. कंट्रोलरच्या पाटीवर कमाल मर्यादा ८०० व्होल्ट. "अठरा व्होल्ट शिल्लक राहतात की, साहेब!" ते म्हणाले.

बेरीज बरोबर होती, पण ती थंडीची नव्हती.

आता नीट ध्यानात घ्या. प्लेटा एकीच्या शेपटाला दुसरी अशा एका रांगेत जोडल्या की त्यांचे व्होल्ट एकमेकांत मिळतात. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. आपण पाइप घेताना ४ किलोचा की ६ किलोचा हे पाहतोच ना? ४ किलोच्या पाइपात ६ किलोचा दाब सोडला तर पाइप फुटतो. कंट्रोलरचेही तसेच आहे. आतल्या भागांना जेवढा दाब सोसतो तेवढाच पाटीवर लिहिलेला असतो.

प्लेटीच्या पाटीवरचे व्होल्ट मात्र प्लेट २५ अंश तापमानाला असतानाचे असतात. प्लेट तापली की व्होल्ट उतरतात आणि गारठली की चढतात. साधारणपणे दर अंशाला शंभरात ०.३ इतका फरक पडतो. नेमका आकडा प्लेटीच्या माहितीपत्रकात असतो. पहाटे पारा ५ अंशांवर गेला, म्हणजे २५ पेक्षा २० अंश खाली. २० गुणिले ०.३, म्हणजे शंभराला ६ वाढले. ४६ ची प्लेट ४८.७६ ची झाली. आता बेरीज करा :

१५ प्लेटा – ७३१ व्होल्ट. ठीक.
१६ प्लेटा – ७८० व्होल्ट. काठावर.
१७ प्लेटा – ८२९ व्होल्ट. मर्यादेबाहेर.

आबांच्या कंट्रोलरचा घात त्या सकाळी असा झाला.

कोणी म्हणेल, सकाळी ऊन कोवळे असते, तेव्हा वीज ती किती? वीज थोडी असते हे खरे. पण दाब थोडा नसतो. प्लेटीवर कोवळे ऊन पडले तरी दाब बराचसा चढतो आणि प्लेट अजून रात्रीच्या गारठ्याची असते. त्यातून पंप सुरू झालेला नसला तर दाब सर्वांत जास्त असतो, कारण वीज कोणी ओढतच नाही. काही कंट्रोलर धोका ओळखून पंप चालू करीत नाहीत. पण तारेतला दाब आतल्या कपॅसिटरवर यायचा तो येतोच. एखादा दिवस निभावते, रोज निभावत नाही.

जशी वरची मर्यादा, तशी खालचीही आहे. कंट्रोलरला काम करायला कमीत कमी ठराविक व्होल्ट लागतात. समजा ते ४०० आहेत. पंप चालताना याच प्लेटीचे व्होल्ट पाटीवर ३८ लिहिलेले असतात. कोणी रांगेतल्या ३ प्लेटा काढून घराच्या दिव्यांसाठी नेल्या, तर १२ प्लेटांचे ४५६ होतात आणि वाटते की भागेल. पण मे महिन्यात दुपारी प्लेट ७० अंशांपर्यंत तापते. त्या वेळी चालत्या प्लेटीचे व्होल्ट दर अंशाला शंभरात ०.४ धरले, तर १८ टक्के उतरतात. ३८ चे ३१ राहतात. १२ प्लेटांचे ३७४ व्होल्ट! ऐन उन्हाळ्यात, पिकाला पाण्याची खरी गरज असताना, पंप रडायला लागतो आणि आपण बोअरला दोष देतो. १५ प्लेटा असत्या तर ४६७ मिळाले असते.

म्हणून रांगेतली संख्या अशी हवी की हिवाळ्याच्या पहाटे वरची मर्यादा ओलांडू नये आणि उन्हाळ्याच्या दुपारी खालची तुटू नये. घरावरच्या सौर विजेच्या इन्व्हर्टरलाही हाच नियम लागू आहे. फक्त त्याच्या मर्यादा वेगळ्या असतात, त्या त्याच्याच पाटीवर पाहाव्यात.

आता काय करावे ते सांगतो.

१. प्लेटीच्या मागची पाटी वाचा. व्होल्टचे दोन आकडे असतात. इंग्रजी व्ही अक्षराशेजारी बारीक ओसी लिहिलेला मोठा आकडा वरच्या मर्यादेसाठी घ्यावा. चालत्या प्लेटीचा लहान आकडा खालच्या मर्यादेसाठी घ्यावा.

२. हिशेबात आपल्या भागातली आजवरची सर्वांत कडाक्याची थंडी धरावी, यंदाची नव्हे.

३. रांगेत वेगळ्या वॅटची किंवा जुनी प्लेट घालू नये. एका रांगेतून एकच प्रवाह वाहतो. एक अधू बैल सगळी जोडी मागे ओढतो, तसे होते.

४. वीज वाढवायचीच तर तेवढ्याच प्लेटांची दुसरी रांग शेजारी समांतर जोडतात. त्याने दाब तोच राहतो, प्रवाह वाढतो. पण तो प्रवाह कंट्रोलरला झेपतो का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

५. सरकारी योजनेतल्या पंपाची पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते. आपण परस्पर फेरफार केला तर त्या हक्कावर पाणी सोडावे लागते. आबांचे तेच झाले. नवा कंट्रोलर पदरच्या पैशाने घ्यावा लागला.

६. सर्वांत महत्त्वाचे. ऊन आहे तोवर प्लेटांची वीज बंद करता येत नाही. सात-आठशे व्होल्टची ही एकदिश वीज घरातल्या विजेपेक्षा घातक आहे. चालू असताना जोड उपटला तर ठिणगी विझत नाही, धग धरते. तारांना स्वतः हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका.

आबांचा कांदा शेजारच्या विहिरीवरून पाणी आणून कसाबसा वाचला, तरी एका कोपऱ्यातली रोपे गेलीच. वाढवलेल्या २ प्लेटा आता गोठ्याला टेकवून ठेवल्या आहेत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, हे सगळ्यांना लिहून कळवा." म्हणून लिहिले.

या आठवड्यात एकदा सवड काढा. घरात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना वही-पेन्सिल घेऊन सोबत न्या. दोन्ही पाट्या वाचा आणि वरचा गुणाकार करून पाहा. आकडा मर्यादेच्या जवळ आला तर थंडी वाढण्याआधी पुरवठादाराला बोलवा.