थकवा : डॉक्टरांनी न विचारलेला प्रश्न

‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’च्या रुग्णाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘रोज चाला, व्यायाम वाढवा.’ एरवी उत्तम असलेला हा सल्ला या आजारात अपाय करू शकतो. भाजी आणण्याइतके श्रमही या रुग्णांना महागात पडतात, तेही बऱ्याचदा लगेच नव्हे, तर एक-दोन दिवसांनी. नेहमीच्या रक्ततपासण्या मात्र ‘नॉर्मल’ येतात. मग दोष मनावर ढकलला जातो.

हे आजचे नाही. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जवळपास तीनशे कर्मचारी अशाच लक्षणांनी आजारी पडले. पुढे १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी केवळ जुन्या नोंदी चाळून त्याला ‘हिस्टेरिया’ ठरवले. रुग्णांशी बोलण्याची तसदी काही घेतली नाही! ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये टप्प्याटप्प्याने वाढवायच्या व्यायामाची शिफारस केली आणि २०२१ मध्ये ती मागे घेतली.

पण मार्गदर्शिका बदलली म्हणून दवाखान्यातली सवय बदलत नाही. अमेरिकेतल्या २०१५ च्या एका अधिकृत अहवालानुसार, एक तृतीयांशाहूनही कमी वैद्यकीय महाविद्यालयांत हा आजार शिकवला जात होता. जे शिकवलेच नाही, ते डॉक्टर ओळखणार कसे?

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ‘श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटतं?’ हा प्रश्न विचारायला, आणि उत्तर ‘अंथरुणातून उठवत नाही’ असे आले, तर व्यायामाऐवजी झेपेल तेवढेच काम सांगायला विद्यार्थिदशेतच शिकवायला हवे.